रेखाटन कोणासाठी?

खंडाळा तालुक्यातील एखादा होतकरू विद्यार्थी डिझाइन शिकण्यासाठी मुंबईस किंवा अहमदाबादेस जातो, तेव्हा एक प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. हातातील कसब कोणाच्या कामी यावे? जो पैसे मोजील त्याच्या, हे बाजारपेठेचे उत्तर तयारच आहे. बाटलीचा नवा घाट, खोक्याचे नवे वेष्टन म्हणजेच सृजन. आणि सामाजिक जबाबदारी म्हणजे फावल्या वेळचा दानधर्म! ही वाटणीच मुळात खोटी आहे.

खंडाळ्याला तरी हे निराळे सांगावयास नको. याच तालुक्यातील नायगावी १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. स्वतःस लाभलेले अक्षर ज्यांना ते नाकारले गेले त्यांच्यापर्यंत नेणे, हेच त्यांनी विद्येचे प्रयोजन मानले. अक्षराला जो न्याय, तोच रेषेला.

रेषेचे उदाहरणही दूरचे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार होण्यासाठी गेले. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे ध्यानी येताच ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे बेळगावात त्यांच्या हातून लोखंडी नांगर घडला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळेना. शेतकऱ्याचा विश्वास बसेपर्यंत धीर धरावा लागला. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिला आश्रय देणारे औंधचे अधिपती स्वतः चित्रकार होते, हेही लक्षणीय आहे. कलाशाळेतील रेषेची खरी परीक्षा प्रदर्शनात नव्हे, ढेकळांत झाली.

तथापि या इतिहासाची नुसती पूजा बांधून भागणार नाही. नांगर पोहोचला तो ज्याच्यापाशी जमीन, बैल आणि पैसा होता त्याच्या दारी. शेतमजूर स्त्री आजही उकिडवी बसून खुरपे चालवते. ऊसतोड कामगार कोयत्याने ऊस तोडतो आणि मोळ्या डोक्यावरून वाहतो. ही अवजारे सुधारण्याची बुद्धी देशात नाही, असे कोण म्हणेल? पण मजूर गिऱ्हाईक नाही. आणि गिऱ्हाईक नाही त्याची कंबर दुखते, हे बाजारपेठेला दिसत नाही. दोष एकट्या विद्यार्थ्याच्या मनाचा नसून त्याला राबविणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

अहमदाबादेत १९७९ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने औद्योगिक डिझाइन विकासाच्या कामी लावावे, असा जाहीरनामा काढला. अहमदाबादची राष्ट्रीय संस्था १९६१ साली आणि मुंबईच्या आयआयटीतील केंद्र १९६९ साली सुरू झाले, ते जनतेच्या पैशावर. तेव्हा जनतेने हिशेब मागणे हा उपकाराचा नव्हे, हक्काचा भाग आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने काही काळ शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्यांबरोबर काढावा. तो अभ्यासक्रमाचा भाग असावा. अवजार कसे हवे हे वापरणाऱ्या बाईने प्रथम सांगावे, रेखाटन मागून व्हावे. सार्वजनिक पैशातून झालेली अशी रेखाटने गावच्या लोहारालाही विनामूल्य मिळावीत.

याबाबत कार्यकर्त्यांचीही जबाबदारी आहे. शेतमजूर आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी मजुरीच्या दराबरोबर अवजाराचा प्रश्नही मागणीपत्रात घ्यावा, आणि शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांना आपल्या बैठकांना बोलवावे. त्यांच्यातील पुष्कळांना काम कोणासाठी करावे हे कळते. ते कोठे करावे, एवढेच कोणी दाखवलेले नसते.