शाळेसाठी दुर्बीण कोणती?

शाळेने दुर्बीण घ्यावयाची ठरविली की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ती वस्तू किती पटींनी मोठी दाखविते? हा प्रश्न अयोग्य नाही, पण अपुरा आहे. केवळ त्याच्या उत्तरावर विसंबून घेतलेली दुर्बीण पुष्कळदा कपाटातच पडून राहते.

दुर्बिणीवर ८×४० असे अंक कोरलेले असतात. पहिला अंक पटीचा. दुसरा पुढील भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्याने भागले असता डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ८×४० मध्ये तो ५ मिलिमीटर, तर २०×५० मध्ये अवघा २.५ मिलिमीटर असतो. भर उन्हात डोळ्याची बाहुली आकुंचित असल्याने हा भेद जाणवत नाही. परंतु पक्षिनिरीक्षणाची उत्तम वेळ म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ. त्या मंद प्रकाशात बाहुली विस्तारते आणि बारीक शलाका तिला पुरी पडत नाही, चित्र काळवंडते.

शिवाय दुर्बीण वस्तूबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटींनी वाढविते आणि पट वाढली की दृष्टिक्षेत्र सामान्यतः आकुंचित होते. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बाभळीवर बसलेला पक्षी वीस पटींच्या दुर्बिणीत सापडेपर्यंत उडून गेलेला असतो. अशा वेळी मूल 'दिसत नाही' म्हणते, तेव्हा दोष त्याच्या दृष्टीचा नसतो.

एकनेत्री दुर्बीण हलकी, खिशात मावणारी आणि बहुधा स्वस्त असते. एका द्विनेत्री दुर्बिणीच्या किमतीत अशा दोन घेऊन दोन मुलांच्या हाती का देऊ नयेत, असे कोणी विचारील. एकट्या प्रवाशास किंवा एकाच डोळ्याने दिसणाऱ्यास ती खरोखरच सोयीची आहे. तथापि एक डोळा मिटून दीर्घकाळ पाहणे नवशिक्यास शिणविते. दोन्ही हातांनी धरलेली, दोन्ही डोळ्यांनी पाहावयाची दुर्बीण अधिक स्थिर राहते. म्हणून शाळेने एकच घ्यावयाची असेल तर ती ८×४० द्विनेत्री असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र तिच्या दोन नळ्या लहान मुलाच्या डोळ्यांइतक्या जवळ येतात काय, आणि चष्मा न काढता तिच्यातून पूर्ण चित्र दिसते काय, हे दुकानातच पाहून घ्यावे.

हीच दुर्बीण रात्रीही उपयोगी पडते. नुसत्या डोळ्यांनी कृत्तिकांत सहा-सात तारे दिसतात. हिच्यातून कितीतरी अधिक दिसतात. भिंतीच्या आधाराने धरल्यास गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले गुरूचे उपग्रहही ओळखता येतात. सूर्याकडे मात्र ती कधीही रोखू नये. क्षणार्धात दृष्टी जाऊ शकते.

ग्रंथालयातील पुस्तक नोंद करून घरी नेता येते. दुर्बीणही तशीच नेता यावी. ती हाताळताना झिजली तर हरकत नाही. न वापरता जुनी झाली, तर मात्र शाळेचा पैसा व्यर्थ गेला.