दंडावरची लस, मूत्राशयातली लस

आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा एक बारीकसा वण असतो. क्षयाची ही लस उतारवयात काहींच्या वाट्याला पुन्हा येते, आणि तीही मूत्राशयाच्या कर्करोगावरचे औषध म्हणून, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

काल्मेत आणि गेरँ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईच्या क्षयाचे जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्त यांवर तेरा वर्षे, २३० वेळा वाढवले आणि त्यांची नांगी मोडली. १९२१ साली ही लस प्रथम एका अर्भकाला दिली गेली. पुढे १९७६ साली कॅनडातल्या डॉ. अल्वारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. मूत्राशयातली वरवरची गाठ खरवडून काढायची, मग आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे नळीवाटे बीसीजी आत सोडायची. जंतू आले की शरीराची फौज खडबडून जागी होते आणि त्यांच्याबरोबर कर्करोगाच्या पेशींवरही तुटून पडते. औषध गुणाचे आहे. माझे हे लिखाण वाचून कुणी ते नाकारू नये.

पण ते जिवंत आहे. नळी घालताना अस्तर खरचटले तर जंतू रक्तात उतरतात. कधी काही तासांत हुडहुडी भरून ताप चढतो. कधी महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, यकृतात, फुप्फुसात, मणक्यात दुखणे उभे राहते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या २,६०२ रुग्णांच्या पाहणीत फुप्फुस वा यकृताला लागण झालेले हजारी सातच होते. हजारात सात म्हणजे नगण्य, असे ते सात सोडून बाकी सगळे म्हणू शकतात.

माझे एक स्नेही त्या सातांच्या जातीचे निघाले. शेवटच्या डोसानंतर दहा महिन्यांनी संध्याकाळचा ताप, वजनात घट, कंबरदुखी. निदान झाले मणक्याच्या क्षयाचे, आणि नेहमीची चार औषधे सुरू झाली. आपल्याकडे क्षय इतका घरोघरचा, की दुसरी शंका कुणाला येणार? हाडांच्या डॉक्टरांनी लघवीचे विचारले नाही, आणि ‘त्यांना कशाला ते सांगायचे’ म्हणून हेही बोलले नाहीत. अखेर मुलीने जुनी फाईल पुढे ठेवली तेव्हा उलगडा झाला. ते बरे झाले, पण मधले तीन महिने फुकट गेले.

यातली मेख अशी, की क्षय शोधणारे आजचे यंत्र बीसीजीलाही क्षयच म्हणते. आणि चार औषधांतले पायराझिनामाइड बीसीजीवर मुळीच चालत नाही. यकृताला मात्र त्याचा भार होतो. म्हणजे पूर्वेतिहास सांगणारा माणूस हीच इथे खरी तपासणी.

त्यांच्या संमतिपत्रात हा धोका नमूद होता. बारीक टायपातल्या इंग्रजीत. खाली त्यांची वळणदार मराठी सही. बँकेत वर्षानुवर्षे पडून असलेल्या खात्यात अचानक उलाढाल झाली तर साधा कारकूनही सही दोनदा ताडून पाहतो. माणसाच्या अंगात जिवंत जंतू सोडून त्याला रिकाम्या हाताने घरी पाठवायचे, हा कुठला व्यवहार?

जास्त सांगितले तर पेशंट घाबरून उपचार सोडतो, असे डॉक्टरमंडळी म्हणतात. मला हे पटत नाही. जो कर्करोगाचे नाव ऐकून उभा राहिला, तो तापाच्या नावाने पळेल? उलट, कळले असेल तर नळी घालताना रक्त आले की तोच म्हणेल, ‘सिस्टर, आजचा डोस पुढे ढकलू या.’

मागणी एका मराठी कार्डाची आहे, पाकिटात मावेल एवढ्या. त्यावर डोसांच्या तारखा आणि तीन ओळी: माझ्या मूत्राशयात जिवंत बीसीजी सोडली आहे; ताप दोन दिवसांत उतरला नाही तर लगेच कळवा; पुढे कितीही वर्षांनी कुठल्याही डॉक्टरकडे गेलो तरी हे त्यांना आधी दाखवा. छपाईचा खर्च बिलातल्या ‘इतर किरकोळ’ या रकान्यात सहज बसेल.