शिबिरास निघण्यापूर्वीं

अलीकडे आमच्या सुशिक्षित वर्गांत दहा दिवसांच्या ध्यानशिबिरास जाऊन येण्याची चाल पडली आहे. पूर्वीं चार मंडळी जमली म्हणजे कोणी काशीस जाऊन आला, कोणी रामेश्वरास, अशी वार्ता निघे. आतां कोणी इगतपुरीस जाऊन आला अशी निघते. ही चाल वाईट आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. आम्ही स्वतः त्या वाटेनें जाऊन आलों आहों, आणि तेथें जें मिळालें त्याबद्दल कृतज्ञ आहों. परंतु तेथें जाण्याची म्हणून जी तयारी आमचे स्नेही करितात, आणि जी आम्हींही केली, तिजविषयीं चार कठोर शब्द कोणी तरी लिहिणें अवश्य झालें आहे. कठोर शब्दांचा आरंभ स्वतःपासून करणें बरें, म्हणून हें काम आम्हींच अंगावर घेतलें.

ज्यांस या शिबिरांची माहिती नसेल त्यांच्याकरितां थोडेंसें सांगितलें पाहिजे. थळघाट चढून वर आलें म्हणजे नाशिक जिल्ह्यांतील इगतपुरी गांव लागतें. तेथें धम्मगिरि या केंद्रांत १९७६ पासून विपश्यनेचीं शिबिरें भरत आलीं आहेत. १९२४ सालीं ब्रह्मदेशांत मंडाले येथें जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका यांनीं ही विद्या रंगूनच्या ऊ बा खिन यांजकडून घेतली, १९६९ सालीं ते भारतांत आले, आणि २०१३ सालीं निवर्तेपर्यंत त्यांनीं ती शिकविली. शिबिराचा नेम कडक असतो. पहाटे चार वाजतां घंटा होते, रात्रीं साडेनवास दिवे मालवतात, आणि मधल्या वेळांत दहा तासांहून अधिक बैठक असते. पहिले तीन दिवस श्वासाच्या येण्याजाण्याकडे लक्ष ठेवावयाचें. चौथ्या दिवसापासून अंगावर उठणार्‍या संवेदना तटस्थपणें पाहावयाच्या. बोलणें नाहीं, खुणा नाहींत, पुस्तक नाहीं, लेखणी नाहीं. फोन कचेरींत जमा करावयाचा. दुपारचें जेवण अकरा वाजतां. सायंकाळीं नवख्यांस चहा आणि फळ, इतकेंच. राहण्याजेवण्याचा मोबदला घेत नाहींत. पूर्वीं शिबिर पुरें केलेल्यांच्या दानांतून खर्च चालतो. मात्र दहा दिवस पुरे होईपर्यंत निघून जावयाचें नाहीं, असें वचन प्रत्येकाकडून घेतलें जातें.

अशा ठिकाणीं जावयाचें म्हणजे तयारी काय करावी? आमच्या स्नेह्यांस हें विचारलें तर ते सैल कपडे, बसण्याची उशी, गजराचें घड्याळ आणि विजेरी यांची नांवें घेतात. कोणी पंधरा दिवस आधींपासून चहा कमी करतो, कोणी पहाटे उठण्याची संवय लावून घेतो, कोणी भिंतीशीं मांडी घालून गुडघ्यांची परीक्षा पाहतो. यांत वावगें कांहींच नाहीं. इगतपुरीचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे ते छत्रीची थट्टा करणार नाहींत. परंतु ही सारी तयारी बॅगेची आणि गुडघ्यांची झाली. जाणारा मनुष्य जेथून उठून जातो तेथें दहा दिवस त्याची जागा कोण चालविणार, हा प्रश्न या तयारींत कोठेंच येत नाहीं. आणि आमच्या मतें तयारीचा खरा आरंभ त्याच प्रश्नापासून होतो.

आमचीच गोष्ट सांगतों. सात वर्षांपूर्वीं मे महिन्याच्या सुट्टींत आम्ही प्रथम शिबिरास गेलों. निघण्याच्या आदल्या रात्रीं आम्हीं एका कागदावर यादी केली. तींत अकरा जिन्नस भरले. ते बॅगेंत कोणी भरले हें निराळें सांगावयास नको. उत्तरपत्रिका तपासून दिल्या होत्या, कॉलेज बंद होतें. 'आपली सर्व व्यवस्था लागली' अशा समाधानांत आम्ही गाडींत बसलों. घरीं आमच्या वृद्ध मातोश्री होत्या. त्यांना रात्रींतून दोनदां उठवून बसवावें लागे. तें आम्हांस ठाऊक होतें. परंतु जें काम आपण करीत नाहीं तें ठाऊक असणें म्हणजे ऐकून माहीत असणें, इतकाच त्याचा अर्थ.

अकराव्या दिवशीं शिबिर सुटलें आणि आम्ही घरीं आलों. दार उघडणार्‍या आमच्या सहधर्मचारिणीचा चेहरा पाहून आम्ही चपापलों. आम्ही गेल्यावर चौथ्या दिवशीं तिला ताप भरला होता आणि तो पांच दिवस उतरला नव्हता. शेजारच्या काकूंनीं दोन वेळचा डबा दिला. परंतु मातोश्रींचें रात्रीचें उठणेंबसणें तापांतही तिनेंच केलें.

"केंद्राच्या कचेरींत फोन कां केला नाहींस? अडचणीच्या वेळीं निरोप पोंचविण्याची सोय असते," आम्हीं म्हटलें.

"अहो, तुमचे दहा दिवस मोडले असते," ती म्हणाली.

यावर आम्हीं काय केलें तें लिहावयास लाज वाटते. आम्हीं तिला समतेविषयीं पाऊण तास व्याख्यान दिलें.

पुढील वर्षीं तिनें स्वतः अर्ज भरला. पहिल्या खेपेस मातोश्री पडल्या म्हणून तो मागें घेतला. दुसर्‍या खेपेस आमच्याच बहिणीच्या घरचें लग्न निघालें. तिसर्‍या खेपेस ती गेली. निघतांना तिनेंही यादी केली. बॅगेची यादी चार ओळींची होती. घरची यादी चार पानें भरली होती, आणि ती आमच्या हातीं देण्यांत आली. दूध किती व कोणतें. पाणी कोणत्या दिवशीं येत नाहीं आणि म्हणून आदल्या दिवशीं काय काय भरून ठेवावयाचें. सिलिंडर संपत आला आहे हें कसें ओळखावें. ज्वारीचें दळण गव्हावर दळूं देऊं नये. कामाच्या बाईंचा पगार एक तारखेस द्यावा, त्यांस मागावा लागूं नये. सकाळची गोळी उपाशीपोटीं, रात्रीची अर्धी आणि जेवणानंतर. शेवटच्या पानावर एक ओळ अशी होती: 'आई भूक नाहीं म्हणतात तेव्हां तें खरें मानूं नये.'

आम्हीं आयुष्याचीं तीसएक वर्षें पुस्तकें वाचण्यांत आणि शिकविण्यांत घालविलीं. परंतु या ओळीनें आम्हांस जसें निरुत्तर केलें तसें फार थोड्या पुस्तकांनीं केलें असेल. ज्या मातेच्या उदरीं आम्ही जन्मलों तिच्या 'नाहीं' चा अर्थ आमच्या घरांत आम्हांस सोडून दुसर्‍याच व्यक्तीस कळत होता. ते दहा दिवस आम्हीं ती यादी चालविली. दोनदां भात करपला, एकदां पाणी भरावयाचें राहिलें, आणि रात्रीं दोनदां उठल्यावर सकाळीं मनुष्याची समता कितपत टिकते याचा प्रत्यक्ष अनुभव आला.

आणखी एक गोष्ट त्या वेळीं ध्यानांत आली. आम्ही शिबिरास गेलों तेव्हां आप्तेष्टांनीं आमची वाखाणणी केली. 'या वयांत एवढा निग्रह!' असें म्हटलें. ती गेली तेव्हां त्याच आप्तेष्टांनीं विचारलें, 'मग घराचें कसें?' आम्हांस हा प्रश्न एकानेंही विचारला नव्हता. पुरुष गेला तर तें वैराग्य, आणि स्त्री गेली तर ती गैरसोय, असा हा आमच्या सुशिक्षित समाजाचा कोश आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, अध्यात्माच्या मार्गावर निघालेल्यानें दूधपाण्याचा विचार कशाला करावा? सिद्धार्थ राजपुत्र रात्रींच्या रात्रीं घर सोडून गेला, तो काय यादी करून गेला? या आक्षेपाचें उत्तर सोपें आहे. सिद्धार्थ अकराव्या दिवशीं परत येऊन चहा मागणार नव्हता. ज्यानें सर्वस्व सोडलें त्याचा दाखला दहा दिवसांची रजा काढून जाणार्‍या प्राध्यापकानें देणें म्हणजे केवळ सोंग होय. शिवाय ज्या परंपरेचीं हीं शिबिरें, ती आपल्यापर्यंत गृहस्थांच्याच हातून आली. ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हां, १९४८ सालीं, ते तेथील सरकारचे अकौंटंट जनरल झाले, आणि आपल्या हाताखालील नोकरांसही ते ध्यान शिकवीत. राज्याचा जमाखर्च तपासणार्‍या या मनुष्यानें चालविलेली विद्या शिकावयास जातांना आपल्या घरचा जमाखर्च न पाहणें शोभत नाहीं. गोयंकाजीही मुलाबाळांचे गृहस्थ होते, आणि शिकवितांना त्यांच्या शेजारच्या आसनावर त्यांच्या पत्नी बसत. त्या दुसर्‍या आसनाचा अर्थ आमच्या ध्यानांत यावयास पाहिजे होता.

दुसरे कोणी म्हणतील कीं, पूर्वीपासून हें असेंच चालत आलें आहे. आमचें म्हणणें असें कीं, पूर्वीं यापेक्षां बरें होतें. काशीयात्रेस निघणारा मनुष्य देणेंघेणें फेडून, ज्याच्याशीं वांकडें आलें असेल त्याची क्षमा मागून आणि घराची निरवानिरव करून निघे, कारण परत येण्याचा भरंवसा नसे. परत आला म्हणजे मावंदें घालून मागें राहिलेल्यांस जेवूं घाली. आषाढीच्या वारीस निघणारा शेतकरी पेरणीचें काय तें ठरवून निघतो, आणि त्याच वाटेनें डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायाही चालतात. आम्हीं त्या यात्रांतील कष्ट टाकले तें ठीक. परंतु निरवानिरवही टाकली.

जुनी व्यवस्था निर्दोष होती असें मात्र कोणी समजूं नये. तुकोबा डोंगरावर एकांतांत बसत आणि जिजाई भाकरी घेऊन तो डोंगर चढे, असें परंपरा सांगते. लोकांनीं त्या बाईस कर्कशा ठरविलें. परंतु कीर्तनकार हीही कथा सांगतात कीं, वाटेंत तिच्या पायांत कांटा मोडला तेव्हां तो काढावयास विठ्ठल स्वतः आला. ज्यांनीं ही कथा रचली ते अडाणी नव्हते. देव कोणाच्या पायांशीं बसला हें आम्हीं नीट ऐकलें नाहीं, इतकेंच.

तिसरा आक्षेप असा कीं, शिबिरांत स्त्रिया पुष्कळ दिसतात, मग तक्रार कसली? त्या दिसतात हें खरें, आणि केंद्राचें दार त्यांना उघडें आहे हेंही खरें. आमची तक्रार त्या दाराविषयीं नसून आमच्या स्वतःच्या उंबरठ्याविषयीं आहे. तो ओलांडण्यास आम्हांस अकरा जिन्नसांची यादी पुरली. तिला दोन वर्षें आणि चार पानें लागलीं.

तेव्हां ज्यांस शिबिरास जावयाचें आहे त्यांना आमचें सांगणें असें. अर्ज खरा भरावा. शरीराची वा मनाची जी व्यथा असेल ती झांकून ठेवूं नये, कारण शीलाचा आरंभ तेथूनच होतो. त्यानंतर घरची यादी स्वतःच्या हातानें लिहावी. ती लिहितां येत नसेल, आणि बहुतेकांस येणार नाहीं, तर निघण्यापूर्वीं आठ दिवस घरचें सर्व काम स्वतः करावें म्हणजे ती आपोआप लिहितां येईल. आपण नसतांना तें काम ज्याच्यावर पडणार, त्याच्या मदतीस कोण येईल हें आधीं ठरवून ठेवावें, आणि खरी अडचण आली तर निरोप पाठविण्याची मोकळीक घरच्यांस तोंड भरून द्यावी. आपल्या जाण्याची तारीख ठरवितांनाच दुसर्‍याच्या जाण्याची तारीखही ठरवावी, आणि लग्नकार्य निघालें तरी ती हलवूं नये. परत आल्यावर निदान एक महिना कोणासही समतेवर व्याख्यान देऊं नये.

हें सर्व ऐकून आमचे एक स्नेही म्हणाले, "एवढें करावयाचें तर मग शिबिरास जाण्याचें कारणच काय उरलें?" त्यांनीं तें थट्टेनें म्हटलें. आम्हीं मात्र त्यांना गंभीरपणें सांगितलें कीं, कारण उरतें आणि पुष्कळ उरतें. दहा दिवस तोंड मिटून स्वतःचें मन पाहिलें म्हणजे तें किती आप्पलपोटें आहे हें कळतें. पण तेवढ्यापुरतें कळून घरीं आल्यावर विसरावयाचें असेल, तर घाट चढून जाण्याचे श्रम व्यर्थ आहेत. आमच्या मातोश्री गेल्या वर्षीं गेल्या. ती चार पानांची यादी आम्हीं जपून ठेविली आहे. यंदा आम्ही पुन्हां जाणार आहों. परंतु आधीं तिची तारीख आहे, आणि त्या दहा दिवसांत घरीं काय काय करावयाचें तें या खेपेस आम्हीं न विचारतां लिहिलें आहे. तिनें तें वाचून पाहिलें आणि सहा गोष्टी राहिल्याचें दाखविलें.