मूठभर धान्याचा अधिकार

ऊसदराचा तंटा झाला, कृष्णेच्या पुराची धास्ती आली आणि ओसरली, कागदाचे भाव चढले; या सर्वांचा परामर्श आमच्या वाचकांनी वर्तमानपत्रांतून घेतलेलाच आहे. आमचे चित्त वर्षभर अस्वस्थ राहिले ते निराळ्याच कारणाने. माण-खटावापासून वाळव्यापर्यंत शाळांच्या नव्या इमारतींची उद्घाटने आम्ही पाहिली, आणि कोनशिलेवर पुढाऱ्यांची, अधिकाऱ्यांची व कंपन्यांची नावे सोनेरी अक्षरांत झळकत असताना, ज्या गावाची ती शाळा ते गाव मात्र मांडवात पाहुण्यासारखे टाळ्या वाजवीत बसलेले आढळले.

ज्या मुलखात ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस जेवू घालणारे वसतिगृह उभारले, त्या मुलखात हे घडावे याचा विषाद अधिक वाटतो. ऐतवडे बुद्रुकच्या या शेतकरी कुळातील पुरुषाने ओगल्यांची काच आणि किर्लोस्करांचे नांगर विकलेले होते, सबब धनिकांकडून पैसा कसा मिळवावा हे त्यांना ठाऊक नव्हते असे नव्हे; मोठ्या देणग्या त्यांनी घेतल्याही. तथापि त्यांनी घरोघरी मुष्टिफंड सुरू केला. दळण जात्यावर घालण्यापूर्वी घरच्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढावयाचे आणि ते मुलांच्या अन्नासाठी द्यावयाचे, इतकीच ती व्यवस्था. परंतु जिने ती मूठ दिली तिला शाळा कोणाची असा प्रश्न पडावयाचे कारण उरले नाही, आणि शाळेचा जाब विचारण्याचा अधिकार तिला कोणत्याही दफ्तरातून मागून आणावा लागला नाही. धान्य सरले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले. पुढे १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेथेही मुलांनी अंगमेहनतीने आपले शिक्षण मिळविले.

२०१३च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीतील दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. तो पैसा शाळांकडे वळतो याचा आम्हांस आनंदच आहे, कारण गळक्या छपराखालच्या मुलाला तत्त्वनिष्ठेचे धडे देत बसणे निर्दयपणाचे होईल. आमचा आक्षेप गावाच्या निश्चिंतपणावर आहे. जत्रेची वर्गणी एका रात्रीत गोळा करणारे गाव शाळेच्या कौलांसाठी तीन वर्षे अर्जाच्या मंजुरीची वाट पाहते, आणि धनादेश आला की हिशेब विचारीत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले आहे. ही समिती कित्येक ठिकाणी केवळ सह्यांपुरती उरली आहे.

प्रस्तुत अंकाचा विषय ‘आपले गाव’ असा आहे, आणि त्यातील कथा-कवितांना या तक्रारीचे ओझे नको, हे आम्ही जाणतो. तरीही आमच्या वाचकांना आमचे सांगणे आहे की, दिवाळीस गावी जाल तेव्हा ज्या शाळेत पाटी धरलीत तिच्या निधीस यथाशक्ती रक्कम द्यावी, रीतसर पावती घ्यावी, आणि पुढच्या ग्रामसभेत त्या निधीचा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा.