मुलाच्या चारित्र्याचा दाखला

मुलीसाठी स्थळ पाहताना मुलाची चौकशी करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. कचेरीत कानोसा घ्यायचा, शेजाऱ्यांना गाठायचे, 'व्यसन वगैरे नाही ना?' असे हळूच विचारायचे. परंतु आई मुलाकडे राहायला निघाली म्हणून मुलाची चौकशी करावी, असे आपल्या कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रात मात्र ते लिहिले आहे.

त्या देशाने २०१९ साली आईवडिलांसाठी एक तात्पुरता व्हिसा सुरू केला. त्यावर एका वेळी ३ किंवा ५ वर्षे आणि सगळी मिळून १० वर्षांपर्यंत मुलांजवळ राहता येते. मात्र आईने अर्ज करण्याआधी मुलाने 'प्रायोजक' म्हणून मंजुरी मिळवायची. घरची करपात्र मिळकत वर्षाला ८३ हजार डॉलरांहून अधिक हवी, सरकारचे देणे थकलेले नको, आणि पोलिसांच्या दप्तरात चिरंजीवांविषयी काय नोंद आहे तीही तपासली जाते.

आमच्या शेजारच्या काकूंना हे कळले आणि त्यांचा पारा चढला. "अहो प्रोफेसर, पोटच्या पोराची वर्तणूक पोलिसांना काय विचारायची? मला विचारा म्हणावं!"

काकूंचा राग समजण्यासारखा आहे. पण घटकाभर विचार करा. या व्हिसावर गेलेल्या आईला तिथे नोकरी करता येत नाही. भाषा परकी, रस्ते अनोळखी, पैसा मुलाच्या हातचा. अशा घरात कोणी हात उगारला, तर तिने कोणाच्या दारात जायचे? 'आधी प्रायोजकाची पारख, मग व्हिसा' ही पद्धत ज्या कायद्याने आली, त्या २०१८ सालच्या कायद्याच्या नावातच 'कौटुंबिक हिंसाचार' हे शब्द आहेत.

मी हे सांगितले तेव्हा काकू म्हणाल्या, "माझा तसा नाही हो."

"नसेलच. पण जिचा तसा असेल, तिला आधी कोण सांगणार?"

काकू गप्प झाल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या भजनी मंडळातली एक वर्षासाठी म्हणून लेकाकडे गेली होती. चार महिन्यांत परतली. काय झालं ते अजून बोलत नाही."

खरी गोम इथेच आहे. पोलिसांच्या दप्तरात उतरतो तो तक्रार झालेला गुन्हा. जेवणाच्या टेबलावरचा अबोला, सुनेसमोर केलेला पाणउतारा, नातवंडे सांभाळण्यापुरताच उरलेला आईचा उपयोग, यांची नोंद कोणतीही चौकी ठेवीत नाही. आणि तक्रार करायची झाली तर आईची जीभ रेटत नाही.

म्हणून सरकारी चौकशीचा अपमान वाटून घेऊ नये, तशी तिच्यावर सगळी भिस्तही ठेवू नये. परदेशी निघालेल्या आईने लोणच्याच्या बरण्या अवश्य न्याव्यात. पण पासपोर्ट स्वतःच्या पेटीत ठेवावा आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे स्वतःच्या खात्यात. चांगल्या मुलाला त्याचे वाईट वाटणार नाही.