लेक टेक्सासला निघाली, पण वर्गात पिस्तूल?

सोलापूरच्या एका भगिनीचं पत्र आहे. मुलीला टेक्सासमधल्या सरकारी विद्यापीठात एम.एस.साठी प्रवेश मिळालाय, बँकेचं कर्जही मंजूर झालंय. तेवढ्यात कुणी सांगितलं, "तिथं पोरं वर्गात पिस्तूल घेऊन बसतात." सासूबाई म्हणतात, पाठवू नका. यजमान म्हणतात, अफवा आहे. "ताई, खरं काय?"

भगिनी, ही अफवा नाही. पण ऐकलंत तसं सरसकटही नाही.

अमेरिकेत या बाबतीत राज्याराज्यांचे कायदे वेगळे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय इथे कॉलेजात बंदूक आणायला मनाई आहे. युटा, जॉर्जिया इथे मुभा आहे; कोलोरॅडोत ती २०२४ पर्यंत होती. टेक्सासने २०१५ साली कायदा केला आणि १ ऑगस्ट २०१६ पासून तो सरकारी विद्यापीठांत लागू झाला. परवाना असणाऱ्याला वर्गातही पिस्तूल बाळगता येतं. मात्र ते कपड्यांत किंवा पिशवीत झाकलेलं हवं. विद्यापीठ काही जागा वगळू शकतं, सगळा परिसर नाही. खाजगी विद्यापीठांना मात्र पूर्ण बंदी घालता येते. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने ती घातली आहे.

हल्लेखोर आला तर शेजारचा सज्जन त्याला थोपवील, असं कायद्याच्या बाजूचे लोक म्हणतात. उलट, वर्गात कुणाजवळ पिस्तूल असेल या धास्तीने मोकळी चर्चा खुंटेल, असं म्हणत ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिका कोर्टात गेल्या. २०१८ साली वरच्या कोर्टातही त्यांना यश आलं नाही.

आता तुमच्या लेकीचं. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना बंदूक बाळगायला तिथल्या केंद्र सरकारच्या कायद्याने सहसा बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण तिनं त्या वाटेला जाऊच नये. मैत्रिणीचं पिस्तूल "जरा सांभाळ गं" म्हणून दिलं, तरी हातात घेऊ नये.

आणि वर्गापेक्षा राहत्या घराची चौकशी अधिक करा. बाहेर खोली घेतली की विद्यापीठाचे नियम तिथे लागू नाहीत. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी सोबतिणींना सरळ विचारावं: घरात बंदूक आहे का? असल्यास कुलपात असते का? भाडं विचारतो, तसंच हे. विचारायला लाज कसली? उत्तर पटलं नाही, तर दुसरी खोली पाहावी. सोबतीण फार खचलेली दिसली आणि घरात बंदूक असली, तर गप्प न बसता विद्यापीठाच्या समुपदेशकाला सांगावं.

पोचल्याबरोबर विद्यापीठाच्या इशारा-संदेशांसाठी फोन नंबर नोंदवायचा. पोलिसांचा नंबर ९११. कुठे गोळीबार झालाच, तर आधी बाहेर पळायचं. ते जमलं नाही तर दार आतून लावून, दिवे आणि फोनचा आवाज बंद करून लपायचं. ह्यूस्टन, डॅलसला महाराष्ट्र मंडळं आहेत. तिथल्या एखाद्या कुटुंबाशी आधीच ओळख करून ठेवा.

सासूबाईंची काळजी खोटी नाही. त्यांना हे सगळं नीट वाचून दाखवा. पण मुलीनं मेहनतीनं मिळवलेली जागा भीतीपोटी सोडायला लावू नका. तिकीट काढा, आणि खोलीचा करार मात्र तिच्या शेजारी बसून ओळ न् ओळ वाचा.