मुलांच्या नावावर

‘मुलांकडे बघून सहन कर.’ नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हा सल्ला देणारी माणसं बहुधा दुष्ट नसतात. ती आई असते, मावशी असते, शेजारची काकू असते. म्हणूनच हा सल्ला खोडून काढणं जास्त गरजेचं आहे.

‘पोरांना काय कळतंय?’ असं म्हणणाऱ्यांनी अशा घरातलं मूल एकदा जवळून बघावं. जिन्यात बापाची पावलं वाजली की आज काय होणार ते त्याला कळतं. ते धाकट्या भावंडाला घेऊन गच्चीवर जातं, नाहीतर टीव्हीचा आवाज वाढवतं. त्याचं पोट दुखतं आणि डॉक्टरांना काही सापडत नाही. अमेरिकेत फेलिटी आणि अँडा यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आईला होणारी मारहाण हा बालपणीचा आघातच धरला होता. असे आघात जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा, व्यसनाचा, हृदयविकाराचा धोका जास्त, असं त्यात आढळलं.

‘मूल झालं की सुधारेल’ हे तर त्याहून क्रूर आहे. लग्नाआधीच जो मुलगा तिचा फोन तपासतो, मैत्रिणी तोडायला लावतो, थोबाडीत मारून नंतर रडत माफी मागतो, त्याला सुधारायचं काम जन्माला न आलेल्या जिवावर टाकायचं?

पंजाबात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत ‘पंजाबात एवढं नाही’ असंही ऐकू येतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं पंजाबात ११.६ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितलं, महाराष्ट्रात २५.२ टक्के. पण हे सांगितलेलं प्रमाण आहे. त्याच सर्वेक्षणानुसार देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के कुणाकडे मदत मागतात.

एक आक्षेप मात्र खरा आहे: ती पोरं घेऊन जाईल कुठे? पंजाबातल्या डेराबस्सीसारख्या कारखान्यांच्या गावात नवऱ्याच्या नोकरीपायी आलेल्या बाईचं माहेर दोन दिवसांच्या प्रवासावर असतं. पण घर तिनंच का सोडायचं? २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा भाड्याच्या खोलीलाही लागू आहे. कलम १९ खाली न्यायालय नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं, कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा तिला देऊ शकतं. अर्जासाठी लातूर किंवा नांदेड गाठावं लागत नाही. ती तात्पुरती जिथे राहते तिथेही तो करता येतो. लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या जोडप्यातल्या स्त्रीलाही हे संरक्षण आहे. तारखांवर तारखा पडतात, हे मान्य. त्यावर उपाय म्हणजे अर्ज लवकर करणं आणि तिच्यासोबत कुणीतरी जाणं.

आणि ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांसाठी कलम ४ आहे. हिंसा होते आहे असं वाटण्याजोगं कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्यासाठी खटला होत नाही. मदतीचे फोन क्रमांक: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. भिंतीपलीकडचं रडणं ऐकू आलं, तर फोन त्याच रात्री करा.